आभारप्रदर्शनाखालचा आवाज

वेस्ट विंडसरचं घर विकून एडिसनला दोन खोल्यांच्या कॉन्डोत जायचं ठरलं आणि त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तळघर उपसता उपसता नाकी नऊ आले. तीन प्रेशर कुकर निघाले आणि तिन्हींच्याही शिट्ट्या गायब होत्या. भारतात न्यायच्या म्हणून आणलेल्या आणि कधीच न नेलेल्या बॅगा निघाल्या. मदतीला म्हणून लेक शॉमबर्गहून आली आहे. तिची मदत म्हणजे प्रत्येक वस्तू दोन बोटांत धरून, “आई, सीरियसली, हू नीड्स धिस?” असं विचारायचं. मी काही बोलेपर्यंत वस्तू काळ्या पिशवीत गेलेली असते.

बुटांचं एक खोकं तिने असंच उचललं, तेव्हा मी ते अक्षरशः हिसकावून घेतलं. “राहू दे ते!” माझा आवाज एवढा चढला की वरच्या मजल्यावर बातम्या ऐकत बसलेल्या सुधीरने टीव्ही बारीक केला. माझ्या नवऱ्याला माझा चढा आवाज बरोबर ओळखू येतो, आयुष्यभराची सवय आहे.

खोक्यात एकच कॅसेट होती. तिच्या लेबलवर पेन्सिलने लिहिलेली स्वाहिली भाषेतली एक ओळ होती, आणि त्या ओळीवर निळ्या बॉलपेनने, सुधीरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: गणेशोत्सव – अध्यक्षांचं भाषण. त्या दोन ओळींकडे पाहिलं की अजूनही माझ्या कपाळाची शीर उडते.

पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही इथल्याच जंक्शनच्या रेल्वे स्टेशनजवळ भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. सुधीर पहाटे गाडी पकडून न्यूयॉर्कला जायचा. मी नागपूरची एम. ए. मराठी, त्यामुळे अमेरिकेत माझा उपयोग काय, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडावर लिहिलेला असायचा. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि जवळच्या विद्यापीठात टायपिस्टची नोकरी मिळाली. आमच्या प्रोफेसरबाई एका प्रश्नावर संशोधन करत होत्या: आफ्रिकेतल्या नव्या देशांत रेडिओ कोणाचा असावा, सरकारचा की ऐकणाऱ्यांचा? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण टायपिंगचा वेग होता आणि शुद्धलेखन चोख होतं. त्या काळी एवढं पुरत असे.

खोली तळमजल्याच्याही खाली होती. ओलसर गालिच्याचा, तापलेल्या मशीनचा आणि टेपच्या तपकिरी फितीचा असा एक मिसळलेला वास तिथे भरून राहिलेला असे. अजूनही जुन्या दुकानात कधी तो वास आला, तर माझे हात आपोआप टेबलाची कड शोधतात. खिडकी फक्त जमिनीलगत होती. ऑक्टोबरात तिच्यावर लाल पानं येऊन चिकटत आणि जानेवारीत बर्फाने ती बंदच होई, मग थेट मार्चमध्ये लोकांचे बूट पुन्हा दिसू लागत. माझ्यासमोरच्या खुर्चीत दाऊदी बसे.

दाऊदी पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातला रेडिओवाला होता. देशाचं नाव तेव्हा त्याने मला टाइप करू दिलं नव्हतं, तिथे रेघ मारायला सांगे. म्हणून आजही लिहीत नाही. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, उंच, इस्त्रीचा एकच राखाडी सूट रोज घालणारा. मला तो ‘दादा’ म्हणायचा, स्वाहिलीत त्याचा अर्थ बहीण. त्याचं बोलणं सगळं इंग्रजीतलं. मला मात्र ते आता मराठीतच आठवतं, तसंच लिहिते.

आमचं काम असं चाले. त्याच्या पायाखाली मशीनचा पेडल असे आणि कानाला हेडफोन. एक वाक्य ऐकायचं, पेडल दाबून टेप थांबवायची आणि ते वाक्य इंग्रजीत सांगायचं. मी टाइप करायची. टाइपरायटरची खडखड थांबली की तो विचारी, “लिहिलं?” मी म्हणायची, “लिहिलं.” मग पुढचं वाक्य. दिवसातून पाचशे वेळा तरी ‘लिहिलं?’, ‘लिहिलं’. संसारातसुद्धा नवरा-बायको एकमेकांशी इतकं सलग बोलत नसतील.

आणि टाइप काय करायचं, तर सरकारी रेडिओच्या बातम्या! राष्ट्रप्रमुखांनी पुलाचं उद्घाटन केलं. लिहिलं. राष्ट्रप्रमुख पुलावरून परत आले. लिहिलं. राष्ट्रप्रमुखांना पुलाबद्दल समाधान वाटलं. लिहिलं! दहा मिनिटं हे झालं की कुठे हवामानाचा नंबर लागे. पहिल्या महिन्यात मी हसत होते. तिसऱ्या महिन्यात माझा जीव मेटाकुटीला आला. “अहो, पण तुमच्या देशात दुसरं कोणी राहतं की नाही?” मी एकदा वैतागून विचारलं. दाऊदी हसला नाही. दुसऱ्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशातून त्याने ती कॅसेट काढली.

देशात असताना त्याने एक कार्यक्रम केला होता. खांद्यावर टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव जायचं, बायकापुरुषांना बोलू द्यायचं आणि काहीही न कापता ते तसंच्या तसं लावायचं. शाळेचं छप्पर उडालंय. दवाखान्यात औषध नाही. त्यानंतर संबंधित साहेबाने येऊन उत्तर द्यायचं. काही आठवडे तो चालला. गावोगाव लोक काम टाकून रेडिओभोवती जमत, असं तो सांगे. मग कार्यक्रम बंद झाला. दाऊदीची बदली गोदामात झाली आणि टेपा पुसून त्यांच्यावर लष्करी बँड भरला गेला. केंद्रात कोऱ्या टेपांचा तुटवडा आहे, हे कारण. त्याने चोरून केलेली ही एकच प्रत उरली होती. पुन्हा चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून भरलेल्या बाजूचा वरच्या कडेवरचा प्लास्टिकचा दात त्याने मोडून टाकला होता. दात मोडला की मशीन तिच्यावर काही रेकॉर्ड करत नाही.

आता तिकडे सरकारने रेडिओच्या सुधारणेसाठी समिती नेमली होती आणि लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. दाऊदी आपलं निवेदन लिहीत होता. रेडिओचा प्रमुख मंत्र्याने नेमू नये, कारभारात ऐकणाऱ्यांना जागा असावी, आणि रोज एक तास लोकांचा असावा. या शेवटच्या मागणीवर त्याचा सगळा जीव होता. “समितीला वाटतं की लोक बोलले तर आकाश कोसळेल,” तो म्हणाला. “मी त्यांना ऐकवणार आहे. लोक बोलले होते. आकाश जागेवर आहे.”

आम्ही त्या कॅसेटचंही भाषांतर करायला घेतलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शेवटची पाचेक मिनिटं राहिली. एक म्हातारी बोलायला लागली होती आणि तिचं पहिलं वाक्य सुरू होताच दाऊदीने पेडल दाबला. “हिचं सोमवारी,” तो म्हणाला. “ही घाईत सांगण्यासारखी नाही.”

समितीला एक प्रत पाठवायची होती आणि विद्यापीठातलं कॉपी करायचं मशीन बिघडलं होतं. इथे मी पुढे झाले. आमच्या घरी दोन खणांचा टेपरेकॉर्डर होता! इथल्या सगळ्या मराठी मंडळात तसा फक्त आमच्याकडे. मी म्हटलं, “माझ्याकडे द्या. रविवारी कॉपी करते, सोमवारी दोन्ही आणते.” दाऊदीने कॅसेट क्षणभर हातात धरली आणि मग दिली. माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप का बसलं नाही!

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. तेव्हा फोन महाग. नागपूरला आम्ही पत्रं बोलून पाठवायचो, कॅसेट भरून. तिकडून तीच कॅसेट आई-बाबांच्या आवाजाने भरून परत यायची. मागे कुकर, कावळा आणि ‘बाळ, अंगावर स्वेटर घाल’. त्यावर पुन्हा आम्ही बोलायचो. कोरी कॅसेट विकत घेणं म्हणजे उधळपट्टी, हे मी दाऊदीलाही हसत सांगितलेलं. ऐकून विटलेल्या गाण्यांच्या कॅसेटसुद्धा आम्ही सोडत नव्हतो. त्यांचे दात मोडलेले असत, त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं आणि रेकॉर्ड करतं. दर शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आठ-दहा कॅसेट मांडून पट्ट्या लावायच्या, हा आमच्याकडचा कुळाचार. अशी पट्टी लागलेली कॅसेट म्हणजे वापरायला मोकळी, एवढं घरातल्या दोघांनाही ठाऊक.

शनिवारी मंडळाचा गणपती. शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतलेला. धूप लावला तर फायर अलार्म वाजतो म्हणून उदबत्तीवरही बंदी, त्यामुळे देवापुढे वास फक्त बटाट्याच्या भाजीचा आणि शाळेच्या फरशी पुसायच्या औषधाचा. मी दाऊदीलाही बोलावलं होतं. तो राखाडी सूट घालून पहिल्या रांगेत बसला. सुधीर मंडळाचा कार्यवाह. अध्यक्ष बापटकाका बोलायला उभे राहिले तसं त्याने टेबलावरच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं, कारण काकांचं भाषण स्मरणिकेसाठी जपून ठेवायचं होतं.

आणि काका बोलले! परमेश्वरा, काय बोलले! मंडळ कसं स्थापन झालं, ते स्थापन करणारे कोण, तर तेच. मग आभार. सभागृह देणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, मोदक वळणाऱ्या भगिनींचे, कागदी ताटल्या आणणाऱ्यांचे, आणायच्या होत्या पण आणू न शकलेल्यांचे. पोरं टेबलाखाली रांगत होती. भाजी गार झाली. दाऊदी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “दादा, हे तुमच्या देशाचे माहितीमंत्री आहेत का?”

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. आम्ही दोघं हसत होतो, आणि समोर टेबलावर त्या मशीनची चाकं गोल गोल फिरत होती.

रविवारी दुपारी कॉपी करायला बसले. पर्समध्ये कॅसेट नाही. टेबलावर नाही. सापडली सुधीरच्या कार्यवाहाच्या फाइलमध्ये, निळ्या बॉलपेनसकट. मशीनमध्ये घालून बटण दाबलं आणि बापटकाका म्हणाले, “सुज्ञ बंधू-भगिनींनो.” मी अर्ध्या मिनिटात बंद केलं. पुढे ऐकायची हिंमतच झाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्या दिवशी मी सुधीरला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. “पट्टी लावलेली होती गं,” तो परत परत सांगत होता. “मला वाटलं मोकळीच आहे.” “तूच लावलीस पट्टी! हातात येईल ते चिकटवत सुटतोस!” “मी नाही लावली.” “मग काय गणपतीने लावली?” शेवटी तो गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्याचा मला तेव्हा आणखीच राग आला. पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही भांडणात मी शेवटी त्या कॅसेटवर यायची आणि तो मूग गिळून बसायचा.

सोमवारी दाऊदीला काय सांगणार? तुझ्या माणसांवर आमच्या अध्यक्षांचं आभारप्रदर्शन भरलं, आणि तू समोर बसून टाळ्या वाजवत होतास? मला ते सांगवलं नाही. मी म्हटलं, “मशीनने टेप खाल्ली.”

त्याने हातातला हेडफोन खाली ठेवला. मग म्हणाला, “तो गुंता आणा. मी जोडतो. अशा शेकडो जोडल्या आहेत.”

“फेकून दिला,” मी म्हटलं.

दाऊदीने माझ्याकडे पाहिलं. मग हेडफोन कानाला लावला आणि बातम्यांची पुढची टेप घातली. राष्ट्रप्रमुख विमानतळावर पोचले. “लिहिलं?” “लिहिलं.” त्या दिवशी माझ्या टायपिंगमध्ये जन्मात झाल्या नव्हत्या इतक्या चुका झाल्या.

निवेदन टेपेशिवायच गेलं. मीच टाइप केलं होतं, स्वच्छ, एकही खाडाखोड नसलेलं. काही महिन्यांनी समितीचं उत्तर आलं. बाकीच्या सूचनांची नोंद घेतली होती, म्हणजे तोंडाला पानं पुसली होती. लोकांच्या तासाबद्दल मात्र एकच ओळ: असा कार्यक्रम कधी प्रसारित झाल्याची केंद्राच्या दफ्तरी नोंद नाही. दाऊदीने ते पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलं, जिथे पूर्वी कॅसेट असायची. मी समोर बसले होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

तो परत गेला. कुठल्याशा शाळेत शिकवू लागला. पुढे वारं बदललं, तिकडे गावागावांची छोटी रेडिओ केंद्रं निघाली, त्यातल्या एकात तो म्हातारपणी तरुणांना मायक्रोफोन कसा धरायचा ते शिकवायचा. हे सगळं दर नववर्षाच्या कार्डातून कळे. आता कार्डं थांबली आहेत आणि त्याच्या नातीने लावून दिलेल्या फोनवर आम्ही वर्षातून एकदा बोलतो. तब्येत, गुडघे, हवा. कॅसेटचा विषय त्याने कधी काढला नाही.

तर, ते खोकं. लेक म्हणाली, “आई, व्हॉट इज ऑन इट? ऐकू या ना.” दोन खणांचा टेपरेकॉर्डर तळघरातच होता, काळ्या पिशवीतून नुकताच वाचलेला. त्याचा एक खण अजून चालतो. कॅसेट तिच्या हातात देताना मी तिची वरची कड पाहिली. चिकटपट्टी पिवळी पडली होती. आणि तिचा एक कोपरा आत दुमडलेला होता.

मी पायरीवर बसले.

कोपरा मी दुमडते. चिकटपट्टीचा, टेपचा, डब्यावरच्या पट्टीचा. नंतर काढताना नखाला त्रास नको म्हणून. आईने लावलेली सवय. सुधीर आजतागायत सपाट चिकटवतो आणि मग सुरीने खरवडत बसतो, त्यावरूनही मी त्याला बोलते. म्हणजे त्या शुक्रवारी मीच पर्स टेबलावर रिकामी केली, दाऊदीची कॅसेट बाकीच्यांत ठेवली आणि डोकं बाजूला ठेवून हातांनी सगळ्यांना पट्ट्या लावल्या. एवढी वर्षं मी त्या बिचाऱ्याचा पाणउतारा केला आणि तो ऐकून घेत राहिला. बरं, कॅसेटची दुसरी बाजू कोरीच होती. नुसती उलटी घातली असती तरी चाललं असतं.

“आई, आर यू ओके?” लेकीने विचारलं आणि बटण दाबलं.

बापटकाका. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेच घसा खाकरणं, तेच “सुज्ञ बंधू-भगिनींनो”. सुधीर आवाज ऐकून खाली आला आणि पायरीवर माझ्या शेजारी बसला. आम्ही तिघांनी सगळं ऐकलं. खुर्च्या, मोदक, कागदी ताटल्या. कुठेतरी मागे एक बाई हसू दाबताना फिसकन फुटली, ती मी. आणि शेवटी काका म्हणाले, “आज आपल्यात थेट आफ्रिकेहून आलेले मिस्टर दाऊदी उपस्थित आहेत, त्यांचेही मंडळ मनःपूर्वक आभारी आहे.” टाळ्या. खटकन बटण बंद झालं.

आणि मग दुसराच आवाज आला. म्हातारा, बाईचा, शांत. मागे कोंबडी. स्वाहिली.

काकांचं भाषण बाजू संपायच्या आत संपलं होतं. बंधू-भगिनींच्या खाली बाकीचे सगळे गाडले गेले होते, ही एकटी वाचली होती. सोमवारसाठी ठेवलेली. चार-पाच मिनिटं. समितीला तेवढी पुरली असती. मी एकदा, फक्त एकदा शेवटपर्यंत ऐकलं असतं तर! आपल्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली. अध्यक्षांवर चिडणं सोपं होतं, नवऱ्यावर त्याहून सोपं.

“कोपरा मी दुमडलाय,” मी सुधीरला म्हटलं.

त्याने कॅसेटकडे पाहिलंही नाही. “माहितीये,” म्हणाला. “त्याच आठवड्यात पाहिलं होतं मी.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला आधीच एवढं लागलं होतं. त्यात आणखी कशाला?”

काय करावं या माणसाला! मला रडू आलं आणि रागही आला. दोन्हींतलं आधी काय आलं ते सांगता येणार नाही.

इथे सकाळ होती, तिकडे संध्याकाळ. मी फोन लावला. नातीने उचलला, मग दाऊदी आला, आवाज कापरा झालेला. “दादा? नवीन वर्ष तर नाही आज.” मी एका दमात सगळं सांगितलं. पट्टी, गणपती, काका, माझं खोटं.

तो म्हणाला, “मशीनने खाल्ली नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. टेपेचा गुंता कोणी फेकून देत नाही. तुमच्या घरात तर नाहीच.”

मी फोन स्पीकरपाशी धरला आणि लेकीने टेप मागे नेऊन पुन्हा लावली. म्हातारी बोलू लागली. मग तिच्या आवाजावर त्याचा आवाज आला, हलका. “थांबवा.”

लेकीने बटण दाबलं.

“ती म्हणते, तुमच्या रेडिओने सांगितलं, आमच्या गावात पाणी आलं.” तो थांबला. माझ्या हाताला काहीच लागेना. सुधीरने खिशातलं पेन काढून दिलं, मी त्या बुटांच्या खोक्यावरच लिहायला लागले.

“लिहिलं?” दाऊदीने विचारलं.

“लिहिलं.”

“ती म्हणते, मी सकाळपासून बादली घेऊन रेडिओपाशी बसले आहे. कुठल्या बाजूने येतं, तेवढं विचारून सांगा.”